हर्नियाचा गोळा लंगोटात किती दिवस लपवणार?

कपाशीचं पान जरा लाल पडलं, की आपला शेतकरी ते तोडून, कागदात गुंडाळून आमच्या कार्यालयात हजर होतो. गाय एक वेळ वैरण खाल्ली नाही तर त्याला रात्री झोप लागत नाही. पण स्वतःच्या जांघेत लिंबाएवढा गोळा आला, तर चार-चार वर्षं तो कुणालाही दाखवत नाही. घरच्या माणसालासुद्धा नाही. लंगोट आवळायचा, वरून धोतर नाहीतर पँट चढवायची आणि पुन्हा गोणी उचलायची. खान्देशात गावोगाव फिरताना हा प्रकार इतक्यांदा पाहण्यात आला, की पीकपाण्याच्या या पानावर एकदा माणसाच्या या दुखण्याबद्दलही लिहावं असं वाटलं. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, कृषी पदविका घेतलेला विस्तार कर्मचारी आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी स्वतःवर इलाज करू नये. डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं कळलं तरी पुरे.

हर्निया म्हणजे काय, हे समजायला सायकल आठवा. टायरला चीर पडली की आतली ट्यूब त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर डोकावते. ट्यूब फुटलेली नसते, टायर उसवलेला असतो. पोटाचंही तसंच. पोटाची भिंत स्नायूंची आणि चिवट पडद्यांची असते. ती एखाद्या जागी कच्ची पडली, की आतली चरबी किंवा आतड्याचं वेटोळं तिथून बाहेर येतं आणि कातडीखाली गोळा दिसतो. जांघेतल्या अशा गोळ्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, अंतर्गळ. ‘आतडं उतरलं’ असंही लोक म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पुरुषात वृषणाकडे जाणारी दोरी पोटातून ज्या वाटेने बाहेर येते, ती वाट मुळातच नाजूक. म्हणून पुरुषांत हा आजार फार. दर चार पुरुषांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. बायकांत प्रमाण बरंच कमी, शंभरात तिघींच्या आसपास. म्हणजे दोनशे उंबऱ्यांच्या गावात हा गोळा किती लंगोटांत लपलेला असेल, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अंतर्गळ आणि अंडवृद्धी यांत लोक घोटाळा करतात. अंडवृद्धीत वृषणाभोवती पाणी साठतं. ती सूज आडवं झाल्यावर सहसा कमी होत नाही. हर्नियाचा गोळा मात्र सुरुवातीला उभं राहिलं, खोकलं, जोर लावला की वर येतो आणि निजलं की आत जातो. दोन्हींचं ऑपरेशन वेगळं. कुठलं आहे ते डॉक्टर हाताने तपासूनच बहुतेक वेळा सांगतात. शंका असेल तरच सोनोग्राफी लागते.

आता कारणं. सुश्रुतसंहितेत ‘अंत्रवृद्धी’ची कारणं सांगताना ओझं वाहणं, आपल्यापेक्षा बलवान गड्याशी झुंज घेणं, झाडावरून पडणं अशी यादी दिली आहे. गोळा वृषणात उतरण्याआधीच उपाय करावा, उतरल्यावर तो असाध्य, असंही त्यात आहे. इतक्या जुन्या काळातल्या वैद्याने हमाल, पैलवान आणि झाडावर चढणारा ही माणसं बरोबर हेरली होती म्हणायची. आज शास्त्र एवढंच जोडतं, की ओझं हे एकटं कारण नाही. कित्येकांच्या जांघेतली वाट जन्मतःच नीट बुजलेली नसते. वय वाढतं तसे पडदे ढिले होतात. त्यावर बिडीचा खोकला, जुनाट बद्धकोष्ठ, प्रोस्टेटमुळे लघवीला लावावा लागणारा जोर यांची भर पडते. ओझं हे बऱ्याचदा शेवटचं निमित्त. गोणी उचलताना ‘कच्’ झालं, एवढंच माणसाच्या लक्षात राहतं. पण टायर आधीपासून झिजलेला असतो.

तरीही ओझ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. आपल्याकडे त्या काळात धान्याचं पोतं शंभर किलोचं असे आणि एकटा हमाल ते पाठीवर घेई. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यालाही आता पन्नासहून अधिक वर्षं लोटली. युरियाची गोणी मार्च २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. खतबचत व्हावी म्हणून तो निर्णय झाला होता, पण उचलणाऱ्याच्या पोटालाही पाच किलो सुटले, हा आपला नफाच. डीएपीची गोणी अजून पन्नासचीच आहे. कांद्याची गोणी भरणाऱ्याच्या हातावर आहे, आणि हात सैल सोडला की ती साठाच्या पुढे जाते. केळीचा घड खांद्यावर, कापसाचं गाठोडं डोक्यावर, सोळा लिटरचा पंप पाठीवर. उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या तोडकऱ्याचं तर काय सांगावं. नंदुरबार, धुळ्याकडची कितीतरी माणसं दरसाल गुजरातेत ऊसतोडीला जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जांघेत काय दिसतंय हे बोलायची सोय नसते.

एका गावचे नाना सांगतो. नाव-गाव नको. साठीच्या आसपासचे, कांद्याचे चांगले बागायतदार. सहा वर्षं त्यांचा गोळा लंगोटात होता. मुलाने दोनदा दवाखान्याचं काढलं, तर नानांचं उत्तर एकच, “मन्हं काम कोन करी, भाऊ?” उन्हाळ कांदा काढणीला आला होता. सकाळी गोण्या ट्रॉलीत चढवताना गोळा बाहेर आला आणि नेहमीसारखा आत जाईना. नाना आडवे झाले, कुणीतरी तेल लावून चोळलं. दुपारी उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी गावातल्या एका जाणत्याने डाग द्यायचा म्हणून सळई तापवली. नशिबाने मुलगा त्या वेळी बाजार समितीतून परत आला आणि त्याने गाडी काढली. ऑपरेशन झालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अडकलेलं आतडं काळं पडलं होतं, तेवढा तुकडा कापून टाकावा लागला. तासाभराच्या साध्या ऑपरेशनच्या जागी अतिदक्षता विभाग, सलाइन, पंधरा दिवस खाट. कांदा चाळीत गेला नाही, वावरातच खराब झाला. नाना वाचले, हे खरं. पण त्या हंगामाचं उत्पन्न आणि घरातली दोन तोळ्यांची पोत त्यात गेली.

म्हणून ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत, बाईमाणसालाही. गोळा एरवी आत जायचा तो जाईना, टणक झाला, हात लावू देईना इतका दुखू लागला, त्यावरची कातडी लाल किंवा काळसर पडली, उलट्या, पोटफुगी, वारा सरणं आणि शौचाला होणं बंद. यापैकी काहीही दिसलं, की तेल-पाणी, शेक, चोळणं काही नाही. तोंडाने खायला-प्यायला न देता सरळ ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की हाताशी तासच असतात. सकाळी बघू, ही भाषा इथे चालत नाही.

मग गोळा दिसला की लगेच सुरीखाली जायलाच हवं का? इथे खरं ते सांगायला हवं. ज्या पुरुषांना गोळ्याचा काहीच त्रास नाही, अशांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली छापून आले. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. नजरेखालच्यांपैकी अचानक आतडं अडकण्याचा प्रकार फारच थोड्यांत झाला, हजार माणसांमागे वर्षाला दोनाहूनही कमी. त्यामुळे त्रास नसलेल्या पुरुषाने डॉक्टरांच्या नजरेखाली थांबलं तर ते वावगं नाही, असं आज सर्जनही मानतात. पण त्याच माणसांना पुढे दहा वर्षं पाहिलं, तेव्हा तिघांतल्या दोघांनी अखेर ऑपरेशन करून घेतलं होतं, बहुतेकांनी दुखू लागलं म्हणून. शिवाय तिथल्या माणसाला दवाखाना जवळ आणि ओझं कमी. आपला माणूस सातपुड्याच्या पायथ्याला, रात्री वाहन मिळेल न मिळेल, आणि कामही रोज पोटावर ताण देणारं. माझं मत विचाराल तर ज्याला रोज उचल-ठेव करायची आहे आणि गोळा वाढतो आहे, त्याने सवडीने, ठरवून, दिवसाउजेडी ऑपरेशन करून घ्यावं. थांबायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून थांबावं, लंगोटाच्या भरवशावर नाही. लंगोट किंवा बाजारातला पट्टा गोळा दाबून धरतो, भोक बुजवत नाही. ‘बिना ऑपरेशन हर्निया बरा’ अशा पाट्या एस.टी. स्टँडच्या भिंतींवर दिसतात. मोठ्या माणसाच्या जांघेतला हर्निया औषधाने, चूर्णाने, इंजेक्शनने किंवा डाग देऊन बुजत नाही. तिथे पैसे घालू नका.

टाके की जाळी?

ऑपरेशनचा आधुनिक इतिहास इटलीतल्या पादुआ गावच्या बासिनी या सर्जनपासून धरतात. १८८७ साली त्याने आपली पद्धत जाहीर केली. उसवलेल्या जागेच्या दोन्ही कडा ओढून आणायच्या आणि टाक्यांनी शिवायच्या. त्याआधीच्या मानाने ही क्रांतीच होती, आणि पुढे शंभर वर्षं जगभर थोड्याफार फरकाने हेच चाललं. कॅनडात टोरांटोच्या शोल्डिस नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली फक्त हर्नियाचं रुग्णालय काढलं. पडद्याचे थर एकावर एक चढवून शिवायची त्यांची रीत आजही नावाजली जाते. पण तिला हात बसावा लागतो. साध्या शिवणीचा दोष कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागणार नाही. जुन्या पोत्याच्या विरलेल्या कडा ओढून शिवल्या, की ताण येतो आणि शिवणीशेजारी पुन्हा फाटतं. ज्या कडा कच्च्या म्हणून हर्निया झाला, त्याच ओढून शिवायच्या. मग पुन्हा गोळा येण्याचं भय राहतंच.

त्यावर उपाय ठिगळाचा. ओढाताण न करता वरून जाळीचं ठिगळ बसवायचं. पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकची, आपल्या शेडनेटसारखी दिसणारी पण फार बारीक जाळी असते. साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि सात-साडेसात सेंटिमीटर रुंद. काही आठवड्यांत शरीराची स्वतःची पेशीजाळी तिच्या छिद्रांतून वाढते आणि ठिगळ भिंतीचाच भाग होऊन बसतं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या लिख्टेनस्टाइन या सर्जनने आपल्या हजार रुग्णांचा अनुभव १९८९ साली प्रसिद्ध केला आणि ही पद्धत जगभर गेली. आज ‘जाळी टाकून ऑपरेशन’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. जांघेत दोन-अडीच इंचांचा छेद, पाऊण ते एक तास, आणि मुख्य म्हणजे हे जागच्या जागी भूल देऊनही होतं. म्हणजे जिथे भूलतज्ज्ञ रोज येत नाही अशा छोट्या गावीही ते करता येतं. जाळी आणि टाके यांची तुलना करणारे जगभरचे अभ्यास एकत्र मांडून २०१८ साली निष्कर्ष निघाला, की दर ४६ जाळ्यांमागे एक हर्निया पुन्हा होण्यापासून वाचतो. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण ज्याचा पुन्हा होतो त्याचं दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, हे लक्षात घ्यावं.

जाळीचा विषय निघाला की आपल्या धुळे जिल्ह्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं दोंडाईचा सर्जन मंडळींत आणखी एका गोष्टीसाठी ओळखलं जातं. तिथले शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी नव्वदच्या दशकात एक साधा प्रश्न विचारला. कंपनीची जाळी हजारो रुपयांची, खेड्यातल्या रुग्णाला ती परवडत नाही, म्हणून त्याला जुनीच ओढून शिवायची पद्धत द्यावी लागते. मग तशाच जातीच्या प्लास्टिकची दुसरी जाळी नाही का? होती, घराघरांत टांगलेली. मच्छरदाणीची. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन यांच्या मिश्रणाचं मच्छरदाणीचं कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी वापरलं. ग्रामीण भागातल्या आणखी काही सर्जनांनाही त्यांनी सोबत घेतलं. अशा ३५९ हर्नियांच्या ऑपरेशनचा अहवाल २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आला. महागड्या जाळीच्या तोडीचं काम ती करत होती आणि तुकड्याची किंमत चहाच्या कपाएवढीही नव्हती.

सुरुवातीला मोठ्या शहरांतल्या अनेकांनी नाकं मुरडली असतील, त्यात नवल नाही. खेड्यातली युक्ती आहे म्हटल्यावर ती आधी कच्चीच मानली जाते; शेतीतही आपण हे पाहतो. पण कल्पना आफ्रिकेत पोचली. युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. वर्षभराने पाहिलं तर स्वस्त जाळीवाल्यांत एकाचाच हर्निया पुन्हा झाला होता, महागड्या जाळीवाल्यांत कुणाचाच नाही. फरक नगण्य. २०१६ साली हा अहवाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. आज आपल्या देशातही जाळ्या बनतात आणि त्या आयात जाळ्यांपेक्षा स्वस्त पडतात, त्यामुळे मच्छरदाणीची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. एक मात्र बजावून सांगतो. हे वाचून कुणी दुकानातून मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जाऊ नये. कापड कुठलं, त्यावर कीटकनाशकाचा लेप नाही ना, कोणत्या तापमानाला निर्जंतुक करायचं, हे सगळं ठरलेलं असतं. उष्णता जास्त झाली तर पॉलिथिलीन आकसून निकामी होतं. ते काम सर्जनचं.

महाराष्ट्राच्या खात्यावर आणखी एक पद्धत जमा आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच नको, असा विचार मांडला. जांघेतल्याच एका चिवट पडद्याची पट्टी मूळ जागेपासून न तोडता सरकवायची आणि कच्च्या जागेमागे शिवून टाकायची. ठिगळ घरचंच, जिवंत. २००१ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर जाळी आणि देसरडा पद्धत यांची तुलना झाली आणि तीन वर्षांनंतर दोन्हींकडे दोघा-दोघांचा हर्निया पुन्हा झालेला दिसला; म्हणजे बरोबरी. २०१२ साली हा अहवाल आला. ज्याचा पडदाच विरलेला आहे त्याला मात्र ही पद्धत लागू पडत नाही. तरुण, चांगल्या अंगाच्या माणसाला अंगात परकी वस्तू नको असेल, तर ही पद्धत करणारा सर्जन जवळपास आहे का, हे जरूर विचारावं.

राहिली दुर्बिणीची पद्धत. बेंबीजवळ आणि खाली तीन छोटी छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजारं, आणि जाळी भिंतीच्या आतल्या बाजूने बसवायची. टायरला बाहेरून ठिगळ लावण्याऐवजी आतून गेटर टाकतात ना, तसं. दुखतं कमी, माणूस कामाला लवकर लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर एकाच वेळी दोन्ही होतात. आधी उघडं ऑपरेशन होऊन पुन्हा गोळा आला असेल, तर नव्या बाजूने जाता येतं. बायकांच्या जांघेतल्या हर्नियालाही हीच रीत सर्जन पसंत करतात. उलट बाजू अशी, की त्याला बहुधा पूर्ण भूल लागते, खर्च वाढतो, आणि सर्जनचा हात बसलेला असावा लागतो. हृदयाचा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर पूर्ण भूल देण्याआधी डॉक्टर विचार करतात. ‘लेझरने करतो’ असं सांगणारी जाहिरात दिसली तर तिच्या झगमगाटाला भुलू नका. भोक बुजवायला जाळी किंवा टाकेच लागतात.

कुठलीही पद्धत बिनधोक नाही. थोड्यांना जखमेत पाणी किंवा रक्त साकळतं, क्वचित पू होतो. लघवी पहिल्या दिवशी अडू शकते. आणि ज्याबद्दल कमी बोललं जातं ते म्हणजे दुखणं. दहातल्या एखाद्याला तीन महिन्यांनंतरही जांघेत थोडंफार दुखत राहतं. रोजच्या कामात अडथळा येईल इतकं दुखणं त्याहून कमी जणांना, पण येतं. जांघेतल्या बारीक शिरांमुळे हे होतं. डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवावं, म्हणजे पुढे ‘ऑपरेशन बिघडलं’ असा समज होत नाही.

बायकांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या सुरुवातीला येणारा हर्निया बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. तो लहान असतो, सुपारीएवढा, पण अडकतो फार. बाईच्या जांघेत गाठ आली तर ‘बघू पुढे’ नाही, लवकर दाखवायचं. दुसरा प्रकार जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून येणारा. सिझेरियन, पिशवीचं ऑपरेशन असं काही झालेल्या बाईच्या पोटावर व्रणाजवळ फुगवटा येतो. पोट सुटलंय म्हणून तो लुगड्याच्या निऱ्यांत दडून राहतो. घरात पाणी भरणं, सरपणाचा भारा, जनावराचा चारा हे ओझं कुठल्या नोंदवहीत येत नाही, म्हणून बाईचा हर्नियाही कुणाच्या मोजणीत येत नाही. मोठा झाला की त्याचं ऑपरेशन जांघेच्या मानाने बरंच अवघड.

लहान मुलांचं पुन्हा निराळं. तान्ह्या बाळाची बेंबी फुगलेली असेल तर ती बहुतेकांत चार-पाच वर्षांची होईपर्यंत आपोआप बसते. तिच्यावर नाणं बांधायची पद्धत आहे, तिचा उपयोग नाही, उलट कातडी चिघळते. पण बाळाच्या जांघेत गोळा येत असेल तर तो आपोआप जात नाही आणि लहान बाळात अडकतो लवकर. त्याचं ऑपरेशन थांबवू नये. त्याला जाळी लागत नाही, छोटी पिशवी बांधली की झालं.

आणि जनावरं? आमच्या पानावर लिहायचं तर हेही सांगून टाकतो. वासराच्या बेंबीलाही हर्निया होतो. लहान असेल तर काही वेळा भरून येतो, मोठा असेल तर पशुवैद्यकाकडून शिवून घ्यावा लागतो. हा दोष वंशात उतरू शकतो, म्हणून असा गोऱ्हा वळू म्हणून ठेवू नये. म्हशींत पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला भोक पडून हर्निया होतो. त्यामागे बऱ्याचदा चाऱ्यातून गेलेली तार किंवा खिळा असतो. गव्हाणीजवळ तारेचे तुकडे टाकणाऱ्यांनी हे वाचावं.

ऑपरेशन कधी करायचं?

डॉक्टर तारीख देतात, पण हंगाम आपल्याला माहीत असतो. साध्या ऑपरेशननंतर माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालता होतो, आठवड्याभरात घरातली हलकी कामं करतो. जड ओझ्याला मात्र आपल्याकडचे सर्जन सहसा चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. म्हणजे दीड महिना हातात हवा. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला फरदडीच्या मोहात न पडता पऱ्हाट्या उपटून झाल्यावर, माघ-फाल्गुनात मोकळीक मिळते. मृग लागायच्या आत तो पुन्हा औताला धरायला तयार होतो. रब्बी गहू-हरभऱ्यावाल्याने मळणी उरकून चैत्रात जावं. उन्हाळ कांदेवाल्याची गोची आहे, कारण त्याची काढणीच तेव्हा येते. त्याने लागवड झाल्यावर, जानेवारीच्या सुमारास सवड काढावी. ऊसतोडीला जाणाऱ्याने मुकादमाकडून उचल घेण्याआधी, पावसाळ्यातच हे काम संपवावं. केळीवाल्याला बाराही महिने काम, त्याने भावकीत सांगून ठेवावं. पूर्वी सावडीने औतं चालायची, तशी एखाद्या घरच्या ऑपरेशनपुरती चार घरांनी सावड केली तर ‘काम कोण करी’ हा प्रश्न उरत नाही.

जाण्याआधी खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर इलाज करून घ्या. लघवीला जोर लावावा लागत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. बिडी-तंबाखू निदान महिनाभर आधी बंद करा. बिडीवाल्याची जखम उशिरा भरते आणि खोकला टाक्यांवर आदळतो. घरी आल्यावर पहिले काही दिवस खोकताना-शिंकताना जखमेवर हात धरावा. जिने चढायला हरकत नसते. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर मात्र दुखायचं थांबेपर्यंत दुसऱ्याला चालवू द्या, कारण अचानक ब्रेक दाबताना पाय आखडला तर अपघात होईल.

खर्चाचं म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. ग्रामीण रुग्णालयात सर्जन आणि भूलतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, ते आधी विचारून जावं, नाहीतर हेलपाटा पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. आपला हर्निया कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याचं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी त्याच्याकडूनच पक्कं करून घ्यावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. खासगीत जायचं असेल तर जाळीसकट, भुलीसकट, खोलीभाड्यासकट एकूण आकडा विचारा आणि तो कागदावर घ्या.

सुट्टी झाल्यावर मिळणारं कार्ड सातबाऱ्याइतकंच जपून ठेवा. कोणत्या बाजूचा हर्निया, कोणती पद्धत, कोणती जाळी हे त्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा. पुढे कधी दुसऱ्या बाजूला गोळा आला, किंवा त्याच जागी पुन्हा आला, तर कुठल्या वाटेने जायचं हे दुसरा सर्जन त्या कागदावरूनच ठरवतो.